देणगीदार देश आणि गायकवाड मॅडम

गायकवाड मॅडमना ‘उदार’ हा शब्द चालत नसे. मसुद्यात तो कुठे दिसला की त्या पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल काढत आणि समासात लिहीत, ‘कोणाच्या मते?’ मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या पहिल्याच मसुद्यात मी हा शब्द सढळ हाताने पेरला होता. पानं परत आली ती गोलांनी भरलेली.

“अगं, तू लग्नाचं आमंत्रण लिहितेयस का?” एवढंच त्या म्हणाल्या.

माझगावच्या चढावर, एका जुन्या चर्चच्या मागे आमच्या संस्थेचं ऑफिस होतं. श्रीमंत देशांच्या सरकारांकडून पैसे घ्यायचे, त्यातून मुंबईत ताडपत्र्या, भांडी, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या विकत घ्यायच्या आणि जिथे भूकंप, पूर, वादळ झालं असेल तिथे बोटीने पाठवायच्या, हे संस्थेचं मुख्य काम. त्याशिवाय दरवर्षी एक अहवाल निघायचा. जगातल्या आपत्तिग्रस्तांना कोणत्या श्रीमंत देशाने किती मदत केली, याची तुलना. हा अहवाल म्हणजे यशोधरा गायकवाड. बाकी आम्ही सगळे त्यांचे तक्ते भरणारे.

मॅडम परळच्या. चाळ पाडून जो टॉवर उभा राहिला त्यात भाऊ-भावजयीसोबत राहायच्या. लग्न केलं नव्हतं. अर्थशास्त्रात एम.ए. सुती साडी आणि पायांत कायम कॅनव्हासचे बूट, कारण माझगावचा चढ चपलेने चढवत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. डब्यात बहुतेक वेळा सुकटीची चटणी असायची. डबा उघडायच्या आधी त्या स्वतः उठून खिडक्या उघडत, कोणी नाक मुरडायच्या आत. खिडकीतून गोदीतल्या क्रेन दिसायच्या.

मी गिरगावातली. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या कारकुनी, मग वकिली, मग बँका. मोठं दान म्हणजे मोठी रक्कम, एवढंच मला ठाऊक होतं. म्हणून मी पहिला तक्ता केला तो सरळ रकमेप्रमाणे. सगळ्यांत मोठा देश सगळ्यांत वर. मॅडमनी तो पाहिला आणि म्हणाल्या, “आता यांच्या घरात किती आहे ते शेजारी लिही.” मी प्रत्येक देशाचं उत्पन्न शेजारी लिहिलं. “आता पुन्हा लाव.” मोठा देश घसरत घसरत पार खाली गेला आणि कुठलासा थंडीतला छोटा देश वर आला. मला गंमत वाटली. मी म्हटलं, “मॅडम, हे बघा, खरे दाते हे.”

“थांब. यांनी आपल्याच देशात आलेल्या निर्वासितांवर केलेला खर्च यात धरलाय. तो काढ. कर्ज म्हणून दिलेलं काढ. आमच्याच कंपनीकडून माल घ्या अशी अट घालून दिलेलं काढ.”

मी काढत गेले. सगळेच देश बारीक होत गेले.

त्यांच्या तक्त्यात तीन रकाने असत. इंग्रजी अहवालात त्यांना भारदस्त नावं होती, पण आपापसात बोलताना त्या ‘बोललं, निघालं, पोचलं’ असंच म्हणत. मंत्री पत्रकार परिषदेत बोलले ते पहिल्यात, तिजोरीतून सुटलं ते दुसऱ्यात, माणसाच्या हातात पडलं ते तिसऱ्यात. पहिला रकाना भरायला एक सकाळ लागे. तिसऱ्यासाठी त्या वर्षभर फोन करत आणि तरीही त्यात रिकाम्या जागा राहत.

जेवताना त्यांचा एक उद्योग असे. कुठे आपत्ती आली की निरनिराळ्या देशांच्या परराष्ट्र मंत्र्यांचे शोकसंदेश त्या बातम्या वाचाव्यात तशा सपाट आवाजात वाचून दाखवत. “यांना ‘तीव्र दुःख’ झालंय. यांना नुसतं ‘दुःख’. आणि हे बघ, यांना ‘अतीव, शब्दांत न मावणारं दुःख’ झालंय. यांच्याकडून काही येत नाही आता.” आणि खरोखरच येत नसे. आम्ही हसायचो. त्या हसत नसत, डबा धुवायला उठत.

अहवाल निघाला की वर्तमानपत्रांतून फोन यायचे. वार्ताहरांना एकच हवं असे, पहिला कोण आणि शेवटचा कोण. एकदा एका वार्ताहराने फारच लावून धरलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “यंदा पहिल्या जागेला कोणी लायक नव्हतं. तुम्ही दुसऱ्यापासून छापा.” त्याला ती थट्टा वाटली. छापून आलं ते वेगळंच.

पण या कडवटपणाखाली एक श्रद्धा होती, आणि ती मला उशिरा कळली. मी एकदा विचारलं होतं, “मॅडम, हे कोण वाचतं? कशाला एवढं?” त्या म्हणाल्या, “शेजारच्यानं किती दिलं हे कळलं की माणसाला आपलं कमी दिसतं. लाज वाटते. देशाचंही तसंच असणार ना गं. माणसंच चालवतात.” हे म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखा सपाट नव्हता.

रकमेच्या तक्त्यात सगळ्यांत वर आलेल्या त्या मोठ्या देशाच्या वकिलातीतून एक तरुण अधिकारी बाई ताडपत्र्या पाहायला आल्या होत्या. आमचं गोदाम रे रोडला, लाकडाच्या वखारींच्या रांगेत. ताडपत्र्यांसाठी पैसे त्यांच्या देशाचे, म्हणून प्रत्येक ताडपत्रीवर त्यांचा झेंडा हवा होता. झेंड्यांचे गठ्ठे आधी आले होते, ताडपत्र्या नंतर. मॅडमनी अगदी अदबीने विचारलं, “हा झेंडा आतल्या बाजूला लावला तर चालेल का? बाहेरून पावसाने उडून जाईल.”

“नाही, तो वरून दिसायला हवा,” बाई म्हणाल्या.

“वरून कोण बघणार?”

“कॅमेरा.”

मॅडमनी मान डोलावली. चहा झाला, बाई गेल्या. परत येताना टॅक्सीत मॅडम म्हणाल्या, “आत लावला असता तर आडव्या पडलेल्या माणसाला बघायला तरी काही झालं असतं.”

या ताडपत्र्या ज्यांच्यासाठी होत्या ते लोक आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका गरीब देशात, नदीच्या मुखाशी राहत होते. तिथे महापूर आला होता. त्याच महिन्यात दुसरीकडे, जिथे युरोपातली माणसं सुट्टी घालवायला जातात अशा एका सुंदर किनाऱ्यावर भूकंप झाला. टीव्हीवर रात्रंदिवस भूकंप. तिथे इतकं सामान गेलं की विमानतळावर ठेवायला जागा उरली नाही. पुराच्या त्या गावांची नावं कोणाला नीट उच्चारता येत नव्हती, आणि मदतीच्या आवाहनाला उत्तरं येत नव्हती. मॅडमनी महिनोन् महिने पत्रं लिहून, पाठपुरावा करून या एका देशाकडून ताडपत्र्यांचे पैसे मंजूर करून घेतले होते.

तिकडे आमच्या सहयोगी संस्थेत हलिमा नावाची बाई होती. मॅडमच्याच वयाची. तिचे आजोबा कधीकाळी मुंबईशी लवंगांचा व्यापार करायचे आणि ती हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकली होती. दर मंगळवारी तिचा फोन यायचा. कामाचं बोलणं संपलं की दोघी सांधेदुखीवर बोलायच्या. दोघी एकमेकींना कधीच भेटल्या नव्हत्या. हलिमाच्या फोननंतर मॅडम जरा वेळ बऱ्या मूडमध्ये असत, माझ्या मसुद्यात चार चुका कमी काढत.

कंटेनर ठरला. गोदामात माल बांधून तयार झाला. दोन दिवसांत बोटीवर चढायचा होता. आणि एका सकाळी ईमेल आला. पैसे देणाऱ्या त्या मोठ्या देशात सरकार बदललं होतं. नव्या सरकारने परदेशातली सगळी मदत तपासणी होईपर्यंत थांबवली होती. त्यांच्या पैशातून चाललेलं प्रत्येक काम ताबडतोब बंद. विकत घेतलेला माल जिथे आहे तिथेच राहील, हलवायचा नाही.

मॅडमनी ईमेल दोनदा वाचला. मग छापून घेतला आणि उभ्याने तिसऱ्यांदा वाचला. “यात पुरात अडकलेल्यांसाठी अपवाद असणार. असतोच,” त्या म्हणाल्या. अपवाद होता, पण त्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा ते लिहिलं नव्हतं. वकिलातीतल्या त्या तरुण बाईंना फोन केला तर त्यांचीच नोकरी गेली होती. बाई फोनवर रडल्या. मॅडमनी त्यांची समजूत काढली.

मंगळवारी हलिमाचा फोन आला. मी समोरच बसले होते.

“मॅडम, ताडपत्री निकल गया?”

“नहीं हलिमा. रुका है.”

“कितना दिन?”

“मालूम नहीं.”

 मग हलिमा म्हणाली, “इधर सब बंधारे के ऊपर बैठा है. फिर पानी आ रहा है. मैं क्या बोलूँ उनको?”

 रिसीव्हर कानाशी धरून मॅडम क्रेनकडे बघत राहिल्या. सांध्यांबद्दल त्या दिवशी कोणी बोललं नाही.

आमचे अध्यक्ष धुरंधर साहेब, गिरगावातलं जुनं घराणं, नियमाचा आणि शब्दाचा पक्का माणूस. मॅडम त्यांच्यासमोर जाऊन बसल्या. “साहेब, माल पाठवू या. सही माझी घ्या. उद्या काही झालं तर मी परस्पर पाठवला म्हणा.”

साहेबांनी चष्मा काढला. “गायकवाड, कायदा त्यांच्या बाजूनं आहे.”

“कायदा त्यांच्या बाजूनं आहे, ताडपत्र्या आपल्या गोदामात आहेत आणि माणसं बंधाऱ्यावर आहेत. मी एवढंच सांगायला आले.”

“आपण पाठवल्या तर ते मागच्या सगळ्या वर्षांचे पैसे परत मागतील. संस्था बंद पडेल.”

“ती पडलीच आहे, साहेब. आपल्याला अजून तसं कळवलं नाहीये, इतकंच.”

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते चष्मा पुसत राहिले आणि मॅडम उठून आल्या.

त्या दुपारी आम्ही रे रोडला गेलो. कशासाठी, ते मलाही कळलं नाही. गोदामात छतापर्यंत निळ्या ताडपत्र्यांचे गठ्ठे. मॅडम एका गठ्ठ्यावर बसल्या आणि मी विचारलं नसताना सांगू लागल्या.

“इथून दोन गल्ल्या पलीकडे आमचं घर होतं. वडील वखारीत ओझी उचलायचे. वखारीच्या मागेच खोल्या. मी तिसरीत असताना वखारीला आग लागली. सगळं गेलं. आम्ही म्युनिसिपालिटीच्या शाळेत राहत होतो, वर्गात, जमिनीवर. मे महिना होता. तिसऱ्या दिवशी ट्रक आला, त्यात लोकरीची ब्लँकेटं. मे महिन्यात, मुंबईत. एका बाईनं मला ब्लँकेट दिलं आणि फोटोसाठी जरा हस म्हणाली. मी हसले. पहिल्या आठवड्यात खूप लोक आले. मग कमी. मग पेपरात दुसरं काहीतरी आलं, आणि कोणीच आलं नाही. आई रोज दुपारी शाळेच्या फाटकात उभी राहायची. मी म्हणायची, आई, आत चल, ऊन आहे. ती म्हणायची, ते म्हणालेत ना येतो म्हणून.”

 त्या पुढे म्हणाल्या, “वडिलांना पुन्हा उभं राहता आलं नाही. मामानं परळला खोलीत घेतलं म्हणून आम्ही राहिलो. पण आईची ती सवय गेली नाही. शेवटपर्यंत दारात उभी राहायची.”

इतक्या वर्षांत त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. पुन्हा कधी सांगितलंही नाही.

मग त्यांनी दुसऱ्या देशांकडे जायचं ठरवलं. हे माल हलवू देत नाहीत ना, मग दुसऱ्या कोणाच्या पैशांनी दुसऱ्या ताडपत्र्या घेऊ. आम्ही दोघी दक्षिण मुंबईतल्या वकिलातींचे उंबरे झिजवू लागलो. ज्यांचे आकडे वर्षानुवर्षं तक्त्यात मांडले त्या देशांच्या दारात त्या पहिल्यांदाच स्वतः मागायला गेल्या. सगळीकडे माणसं चांगली होती. एका ठिकाणी फार उत्तम कॉफी मिळाली. एका ठिकाणी नव्या वर्षाचं कॅलेंडर. एकाने विचारलं, या पुराची काही दृश्यं टीव्हीवर आली आहेत का. दुसरा म्हणाला, यंदाची तरतूद भूकंपात संपली. बाहेर पडल्यावर मॅडम माझ्याकडे न बघता म्हणायच्या, “चल, पुढचं.”

शेवटी राहिला तो थंडीतला छोटा देश. त्यांच्या तक्त्यात सगळी वजाबाकी करूनही जो वर टिकायचा तो. मॅडमनी तो मुद्दाम शेवटी ठेवला होता. तिथला अधिकारी तरुण, नम्र, डोळ्यांत बघून बोलणारा. त्याच्या टेबलावर आमचा अहवाल होता. मॅडमचा चेहरा उजळला. मी पाहिलं ते.

तो म्हणाला, “तुमचं हे काम आमच्याकडे फार काळजीपूर्वक वाचलं जातं. तुमच्यासमोर खोटं बोलणार नाही. आमचं सरकारही कपात करतंय. खरं तर या निर्णयात तुमच्या तक्त्यांचा खूप उपयोग झाला.”

“कसा?” मॅडमनी विचारलं.

त्याने अहवाल उघडला. तक्त्याचं पान. तिथे एक ओळ रंगवलेली होती. “हे बघा. एवढी कपात केली तरी आम्ही तुमच्या यादीत पहिल्या पाचांतच राहतो. आणि आता तो मोठा देशच थांबला म्हटल्यावर बाकीच्यांना फारसं अवघड वाटत नाहीये. आमच्या अर्थमंत्र्यांनी संसदेत हाच तक्ता दाखवला.”

तो हे आनंदाने सांगत होता. बाईंचं काम एवढ्या वर पोचलंय हे त्यांना कळावं, अशी त्याची प्रामाणिक इच्छा होती. मॅडमनी ते पान पाहिलं. आपल्याच अक्षरांकडे माणूस अनोळखी नजरेने बघतो तसं. मग त्यांनी त्याचे आभार मानले.

बाहेर समुद्रावरून वारा येत होता. आम्ही कठड्यावर बसलो. त्या म्हणाल्या, “मला वाटायचं, शेजारचा जास्त देतो हे दाखवलं की लाज वाटेल. ते दुसऱ्या बाजूला बघत होते गं. कोण कमी देतो, तिकडे. मी सगळ्यांना किती खाली यायला चालेल ते सांगत बसले.”

“असं नका म्हणू मॅडम. तुम्ही नसता तर त्यांनी दुसरं कारण शोधलं असतं.”

“असतं ना. पण ते माझं नसतं.”



हलिमाचे फोन आणखी काही मंगळवार आले. ती आता ताडपत्रीचं विचारत नव्हती. शेवटच्या फोनवर तिने सांगितलं की तिचंही ऑफिस त्याच पैशावर चालायचं आणि ते बंद होतंय. बंधाऱ्यावरची माणसं कुठे गेली, हे मॅडमनी विचारलं. हलिमा म्हणाली, “कुछ शहर गया. कुछ का मालूम नहीं. छोटे बच्चे बहुत बीमार हुए, मॅडम.” मग ती म्हणाली, “आप दुखी मत हो.” मॅडमकडे तिच्या ऑफिसचाच नंबर होता. पुढच्या मंगळवारी लागला नाही, त्यानंतरही नाही. तरी मंगळवारी मॅडम जेवायला उशिरा उठत.

वर्ष सरता सरता त्या मोठ्या देशाकडून पत्र आलं. तपासणी पूर्ण झाली होती. ताडपत्र्यांची स्थानिक बाजारात विल्हेवाट लावावी, मात्र त्याआधी प्रत्येकीवरचा झेंडा काढून टाकावा. गोदामात आठ-दहा बाया लावून ते झेंडे खरवडून घेतले. एका व्यापाऱ्याने माल उचलला. मॅडम त्या दिवशी रे रोडला आल्या नाहीत. नंतर अहवाल काढायचा की नाही यावर बैठक झाली तेव्हा त्या म्हणाल्या, “माझ्याच्यानं होणार नाही,” आणि बैठकीच्या मधूनच उठून घरी गेल्या. राजीनामा भावाने आणून दिला. ऑफिसही पुढे दोन महिन्यांत बंद झालं. धुरंधर साहेबांनी सगळ्यांना पेढे दिले, काय करावं ते न सुचून.

मी अधूनमधून परळला जायची. त्या दार उघडायच्या, बस म्हणायच्या. बोलायच्या भावाच्या मधुमेहाबद्दल, लिफ्टबद्दल. भावजय मला आत घेऊन म्हणाली, “ताई पेपर उघडतच नाहीत. तुम्ही तरी काही काम सुचवा.” मी एका कॉलेजात शिकवण्याचं सुचवलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “काय शिकवू?” तो प्रश्न मला होता की त्यांना स्वतःलाच, ते कळलं नाही. मीही मग नव्या नोकरीत अडकले, जाणं कमी झालं.

परवा लालबागला बसमधून त्या दिसल्या. आपल्याच राज्यात काही जिल्ह्यांत पूर आला होता, गावंच्या गावं पाण्यात होती. कुठल्याशा मंडळाच्या मुली ढोलाच्या मागे फुटपाथवरून डबे घेऊन मदत गोळा करत चालल्या होत्या. मसाल्याच्या दुकानापुढे गर्दी होती, त्यात मॅडम, हातात कापडी पिशवी, केस पार पांढरे. एका मुलीने त्यांच्यासमोर डबा धरला. त्यांनी पर्स उघडली, आत हात घातला, आणि तशाच थांबल्या. मुलगी थोडा वेळ उभी राहिली. मागून लोक येत होते, नोटा टाकत होते, ती सरकत सरकत पुढे गेली. मॅडमच्या ते लक्षात आलं नसावं. त्या मान खाली घालून, उघड्या पर्समध्ये हात तसाच ठेवून उभ्या होत्या. मी खिडकीतून हाक मारली, पण ढोलाच्या आवाजात ती पोचली नाही, आणि बस सुटली.